सातासमुद्रापलीकडचं दुखणं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून-जुलै आला की ओळखीपाळखीच्या दोन-चार घरांतून तरी कुणी ना कुणी परदेशी शिकायला निघालेलं असतं. पूर्वी हे पुण्या-मुंबईच्या बड्या घरांचं काम होतं. आता आमच्या मिरजेसारख्या गावातून, शिक्षकाच्या, एस.टी. कंडक्टरच्या, छोट्या दुकानदाराच्या घरातूनही मुलं-मुली बँकेचं कर्ज काढून जातात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते. दुसऱ्या कुठल्याही देशातून तिथं एवढे विद्यार्थी गेलेले नव्हते.

घरात मग तयारी सुरू होते. प्रेशर कुकर, मेतकूट, भाजणी, थंडीचे कोट. बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून काट्यावर तीनतीनदा चढते. या धामधुमीत विद्यापीठाकडून फीचा तक्ता येतो आणि त्यात 'हेल्थ इन्शुरन्स' अशी एक ओळ असते. तिच्यापुढचा डॉलरचा आकडा रुपयांत करून पाहिला की वडिलांची छाती दडपते. "पोरगं धडधाकट आहे. कधी साधा ताप येत नाही. हे एवढं कमी करता येत नाही का?"

हा प्रश्न घेऊन लोक माझ्याकडे येतात, ते मी कविता लिहितो म्हणून नव्हे. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि एका विमा कंपनीच्या कचेरीत चिकटलो. तीसेक वर्षं क्लेमचे कागद तपासले. कविता दोन ओळींच्या मधलं वाचायला शिकवते. पॉलिसीत मात्र मधलं काही वाचायचं नसतं. जे छापलंय तेवढंच खरं, आणि बहुतेक वेळा ते सर्वांत बारीक टाइपात छापलेलं असतं. आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला हमखास विचारतात, "बेटा, हा विमा जायज आहे का?" मी म्हणतो, "चाचा, ते मौलानांना विचारा. विम्याशिवाय त्या विद्यापीठात नाव दाखल होत नाही, एवढं मी सांगू शकतो."

आता मूळ गोष्ट. आपल्याला दवाखान्याची एक सवय असते. मिरज म्हणजे तर डॉक्टरांचंच गाव. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे लोक इथं उपचाराला येतात. आपण जातो, केसपेपर काढतो, डॉक्टर तपासतात, फी देतो, चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जातो. ऑपरेशन असलं तर "साधारण किती येईल?" असं विचारता येतं आणि आकडा कळतो. तो भारी असेल, पण आधी कळतो. अमेरिकेत उपचार आधी होतात आणि किंमत नंतर पोस्टाने घरी येते. एकाच उपचाराची किंमत दोन रुग्णालयांत वेगळी, एवढंच काय, एकाच रुग्णालयात दोन रुग्णांना वेगळी असते. कारण प्रत्येक विमा कंपनीने रुग्णालयाशी आपापला दर ठरवलेला असतो. ज्याच्याकडे विमा नाही त्याच्यासाठी भाव करणारं कुणीच नसतं. त्यामुळे तिथं विम्याचं कार्ड हे पैसे भरण्याच्या सोयीपुरतं नसतं. दर ठरवून देणारा मध्यस्थही तेच असतं.

सरकारी दवाखाना तिथं नाही का, असं लोक विचारतात. मेडिकेअर नावाची सरकारी योजना आहे, ती मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी. मेडिकेड आहे, ती गरिबांसाठी. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला ती साधारणपणे मिळत नाही. म्हणजे उरला तो खासगी विमा. गंमत अशी की बहुसंख्य विद्यार्थी ज्या 'एफ-१' व्हिसावर जातात, त्याला केंद्र सरकारची विम्याची कुठलीच सक्ती नाही. सक्ती आहे ती 'जे-१' या देवाणघेवाणीच्या व्हिसाला. त्याच्या नियमांत आकडेसुद्धा लिहिलेले आहेत: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार डॉलर, आणि विद्यार्थ्याने स्वतः आधी भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. एफ-१ वाल्यांच्या बाबतीत सरकार गप्प आहे, पण विद्यापीठं गप्प नाहीत. बहुतेक विद्यापीठं विद्यार्थ्याला आपल्या योजनेत परस्पर घालून टाकतात आणि हप्ता फीमध्ये जोडतात. तुमच्याकडे तितकाच चांगला दुसरा विमा असल्याचं ठरावीक तारखेच्या आत सिद्ध केलं तरच तो वगळतात. याला तिथं 'वेव्हर' म्हणतात. वडिलांचा "कमी करता येत नाही का" हा प्रश्न म्हणजे या वेव्हरचाच प्रश्न.

आपल्याकडच्या कंपन्या 'विद्यार्थी प्रवास विमा' विकतात. तो विद्यापीठाच्या योजनेपेक्षा खूपच स्वस्त पडतो. वाईट असतो असं मी म्हणणार नाही; त्यात पासपोर्ट हरवणं, सामान हरवणं, आजारपणाने सेमिस्टर बुडणं अशा गोष्टीही येतात, ज्या विद्यापीठाच्या विम्यात नसतात. पण दोन्हींची घडण वेगळी आहे आणि ती समजून घ्यायला हवी.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, विद्यापीठाच्या योजनेत लिहिलंय: डिडक्टिबल ५०० डॉलर, को-इन्शुरन्स २० टक्के, वर्षाला खिशातून जास्तीत जास्त ५,००० डॉलर. डिडक्टिबल म्हणजे विमा बोलायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. को-इन्शुरन्स म्हणजे त्यानंतरच्या बिलातला तुमचा वाटा. आता ऑपरेशनचं मान्य झालेलं बिल ३० हजार आलं. पहिले ५०० तुमचे. उरले साडेएकोणतीस हजार, त्यांचे २० टक्के ५,९००. दोन्ही मिळून झाले ६,४००. पण कमाल मर्यादा ५,००० ची आहे, म्हणून तुम्ही ५,००० भरायचे आणि पंचवीस हजार कंपनीने. त्यापुढे त्या वर्षात पॉलिसीत बसणारा कितीही मोठा उपचार झाला तरी, नेटवर्कमधल्या रुग्णालयात, तुमच्या खिशाला हात लागत नाही.

आता आपल्याकडून नेलेली पॉलिसी पाहा. तिच्यावर लिहिलंय: विमा रक्कम ५० हजार डॉलर. डिडक्टिबल जेमतेम शंभर. वरच्या ऑपरेशनला हीच पॉलिसी स्वस्त पडेल! शंभर डॉलर भरले की सुटका. पण रस्त्यावरच्या अपघातात दोन आठवडे अतिदक्षता विभागात राहावं लागलं आणि बिल २ लाखांवर गेलं, तर कंपनी ५० हजारांवर थांबणार आणि उरलेले दीड लाख डॉलर तुमच्या नावावर. एका पॉलिसीत मर्यादा तुमच्या खर्चावर आहे, दुसरीत ती कंपनीच्या खर्चावर. मी लोकांना कागदावर हेच दोन चौकोन काढून दाखवतो. हप्त्याचा आकडा नंतर बघा, आधी मर्यादा कुणावर आहे ते बघा.

दुसरा फरक जुन्या दुखण्यांचा. अमेरिकेत २०१० मध्ये जो आरोग्य कायदा झाला, ज्याला लोक 'ओबामाकेअर' म्हणतात, त्याच्या कक्षेत येणाऱ्या विद्यापीठांच्या योजनांना आधीपासूनचा आजार वगळता येत नाही आणि आवश्यक उपचारांवर वार्षिक रकमेची मर्यादा घालता येत नाही. प्रवास विमा या कायद्याखाली येत नाही. त्यात दमा, मधुमेह, फिट्स, थायरॉइड अशा आधीच्या आजारांवर बहुधा काट मारलेली असते किंवा फक्त जीव वाचवण्यापुरतं संरक्षण असतं. म्हणून ज्याला लहानपणापासून दमा आहे त्या मुलाच्या बापाला मी सरळ सांगतो, इथं काटकसर करू नका. बाकीच्यांना एवढंच सांगतो की वेव्हर मिळेल की नाही हे विद्यापीठाला लेखी विचारल्याशिवाय इथली पॉलिसी विकत घेऊ नका. नाहीतर दोन्हीकडे पैसे जातात.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो, कारण कागदावरचं हे गणित रात्री दोन वाजता कसं दिसतं ते तिच्यामुळे मला कळलं. ती माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. अमेरिकेतल्या एका राज्यात एम.एस. करायला गेली होती. एका दुपारी, म्हणजे तिची रात्र, तिचा फोन आला. "मामू, अम्मीला सांगू नका. पोटात दुखतंय." कधीपासून? "परवापासून." दोन दिवस ती ओव्याचं पाणी पीत होती आणि इथून नेलेल्या दुखणं थांबवायच्या गोळ्या खात होती. दुखणं बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली आलं होतं आणि अंगात ताप होता. दवाखान्यात का गेली नाहीस, तर तिच्या खोलीतल्या मुलींनी सांगितलं होतं की इथं अँब्युलन्सला नुसतं बोलावलं तरी हजार-दोन हजार डॉलर लागतात, आणि इमर्जन्सीत पाय टाकला की संपलंच. मुलगी हुशार, गणितात पहिली. पण ती दुखण्याचा हिशेब डॉलरमध्ये करत बसली होती. तिच्यासारखी कितीतरी मुलं करतात. कर्ज काढून गेलेल्या मुलांना प्रत्येक डॉलरमागे बापाचा चेहरा दिसतो.

मी डॉक्टर नाही. पण पॉलिसीचं कार्ड कसं वाचायचं ते मला ठाऊक. तिला म्हटलं, कार्ड उलटं कर, मागे एक नंबर असेल, चोवीस तास नर्स बोलते, तिला हेच सगळं सांग. दहा मिनिटांनी तिचा फोन आला, "मामू, त्या म्हणतायत लगेच जा." शेजारच्या तेलुगू मुलाने आपल्या गाडीतून नेलं. अपेंडिक्स होतं. पहाटे ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर फुटलं असतं. आपाला मी संध्याकाळी सांगितलं, सगळं पार पडल्यावर. तिनं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला, ते वेगळं.

तिच्या मैत्रिणी सर्वस्वी खोटं सांगत नव्हत्या. अँब्युलन्सचं बिल तिथं खरोखरच येतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून अचानक येणाऱ्या मोठ्या बिलांपासून रुग्णाला वाचवणारा कायदा लागू झाला. नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात तातडीने जावं लागलं तरी नेटवर्कमधल्याइतकाच वाटा घ्यायचा, असं तो सांगतो. त्यात हवाई अँब्युलन्स आली, पण रस्त्यावरची साधी अँब्युलन्स वगळली गेली. तरीही छातीत कळ, शुद्ध हरपणं, मोठा रक्तस्राव, श्वास लागणं यांत ९११ फिरवायला एक क्षण थांबू नये. आणि हेही माहीत असावं की १९८६ च्या एका कायद्यानुसार इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला, त्याच्याकडे पैसे असोत-नसोत, विमा असो-नसो, तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. दारातून परत पाठवता येत नाही. बिल नंतर येतं, ते येतंच; पण उपचार आधी होतो.

जी दुखणी एवढी मोठी नाहीत, त्यांच्यासाठी पायऱ्या आहेत आणि आपल्या मुलांची गफलत होते ती इथंच. पहिली पायरी विद्यापीठाच्या आवारातला दवाखाना. त्याची फी बहुधा आधीच भरलेली असते. सर्दी-ताप, पोट बिघडणं, लस, रक्ततपासणी तिथं फुकट किंवा थोडक्यात होते. तो रात्री आणि रविवारी बंद असला तर 'अर्जंट केअर' नावाचे दवाखाने असतात. बोट कापलं, पाय मुरगळला, कान ठणकतोय, तर तिथं. इमर्जन्सी विभाग ही शेवटची पायरी. आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलात गेलं की बरं वाटतं. तिथं साध्या तापासाठी इमर्जन्सीत गेलात तर तासन् तास बसाल आणि अर्जंट केअरपेक्षा कितीतरी पट भराल.

भाची घरी आल्यावर पाकिटं यायला लागली. एक रुग्णालयाचं, एक सर्जनचं, एक भूल देणाऱ्याचं, एक स्कॅन वाचणाऱ्याचं. प्रत्येकाचं बिल वेगळं. शिवाय विमा कंपनीचा एक कागद, ज्यावर मोठाले आकडे आणि खाली 'हे बिल नव्हे' असं लिहिलेलं. कशाचे किती मागितले, कंपनीने किती मान्य केले, तुमचा वाटा किती, याचा तो हिशेब असतो. हा कागद आणि बिल शेजारी ठेवून आकडे जुळल्याशिवाय एक डॉलरही भरू नये. तिच्या एका बिलात विमाच लावलेला नव्हता. नंबर चुकीचा पडला होता. विद्यापीठात विम्याचं काम बघणाऱ्या बाईंनी एक फोन केला आणि ते बिल चौथाईवर आलं. राहिलेलं तिनं महिन्याच्या हप्त्यांनी, बिनव्याजी फेडलं. मागितलं की बरीच रुग्णालयं असे हप्ते देतात. शिवाय जी रुग्णालयं धर्मादाय म्हणून कर माफ करून घेतात, त्यांना गरजूंसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. त्याचा अर्ज मागायला लाजू नये. आपली मुलं लाजतात.

आता इथून निघण्यापूर्वीचं. सर्वांत जास्त धावपळ होते ती लसीच्या कागदांची. बहुतेक अमेरिकन विद्यापीठं गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा मागतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात कितीतरी वर्षं नुसती गोवराची लस होती. गोवर-रुबेलाची एकत्र लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे सरकारी दवाखान्यात लस घेतलेल्या आज वीस-बावीस वर्षांच्या मुलाकडे जुनं कार्ड सापडलं तरी ते पुरत नाही. दोन डोसांमध्ये किमान अठ्ठावीस दिवस जावे लागतात, म्हणजे हे काम विमानाच्या आदल्या आठवड्यात होणारं नाही. दुसरी अडचण क्षयरोगाच्या चाचणीची. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मुलं घाबरतात. रक्ताची चाचणी बीसीजीने फसत नाही, तिची मागणी करावी.

नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी आणि तीत कंपनीचं नाव नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. आपली क्रोसिन तिथं कुणाला कळत नाही. पॅरासिटामॉल म्हटलं तरी कळत नाही, अ‍ॅसिटामिनोफेन म्हणावं लागतं. अँटिबायोटिक दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही. चष्म्याची दुसरी जोडी न्यावी आणि दात इथंच दाखवून घ्यावेत, कारण डोळे आणि दात हे बहुतेक योजनांत शरीराचे भाग धरलेले नाहीत!

अमेरिकेबाहेरचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमाला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. २०१५ मध्ये तो विद्यार्थ्यांना वर्षाला १५० पौंड होता, ६ फेब्रुवारी २०२४ पासून ७७६ पौंड आहे, आणि साऱ्या वर्षांचा एकदम. तो भरला की तिथली सरकारी आरोग्यसेवा तिथल्या नागरिकासारखीच मिळते. ऑपरेशन झालं तरी बिल येत नाही. मात्र पोचल्यावर जवळच्या जी.पी.कडे, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला हवं. मुलं ते आजारी पडेपर्यंत करत नाहीत आणि मग ताप अंगात असताना फॉर्म भरत बसतात. जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारमान्य विमा घ्यावाच लागतो, त्याशिवाय विद्यापीठ नाव घालत नाही. महिन्याला दीडशे युरोच्या आतबाहेर पडतो. तिथला सापळा एकच: स्वस्त म्हणून सुरुवातीला खासगी विमा निवडून सरकारी विम्यातून सूट घेतली, की तो अभ्यासक्रम संपेपर्यंत परत येता येत नाही. ऑस्ट्रेलियात व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा विमा आधी घ्यावा लागतो आणि जुन्या दुखण्यांना बारा महिने थांबावं लागतं. मनोविकारांसाठी ही मुदत दोन महिन्यांची आहे. कॅनडात प्रांतागणिक कायदा वेगळा, तेव्हा तिकीट कुठल्या प्रांताचं आहे ते आधी बघा.

आपण नेहमी आपल्या बाहेर जाणाऱ्या मुलांचाच विचार करतो. पुण्यात आलेल्या परदेशी मुलांचं काय? डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते तेव्हाची हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीशी एक मुलगी रोज येऊन काहीतरी देऊन जाते, असं त्यांच्या नजरेला आलं. चौकशी केली तेव्हा कळलं, आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने पडून होता आणि त्याला खाण्यापिण्याचं बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती डबा आणत होती. परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९७१ मध्ये त्यांनी सिंबायोसिसची सुरुवात केली, तिच्या मुळाशी ही खिडकी आहे. पन्नास वर्षांनंतर विम्याची कार्डं आली. पण पुण्यात शिकणाऱ्या एखाद्या येमेनी किंवा आफ्रिकी मुलाला डेंग्यू झाला तर त्याच्याजवळ रात्री बसायला कोण असतं, हे घरमालकांनी आणि शेजाऱ्यांनी एकदा मनाशी विचारून बघावं.

शरीराचं झालं. मनाच्या दुखण्याबद्दल आपल्या घरांत बोलत नाहीत. पहिला हिवाळा, चार वाजता पडणारा अंधार, परीक्षेत पहिल्यांदा कमी मिळालेले गुण, आणि घरी "मजेत आहे" असं सांगण्याची सवय. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशनाच्या काही बैठका विनामूल्य असतात आणि त्याची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा नंबर आहे. जीव नकोसा झाला तर कुठल्याही वेळी फोन करता येतो, नुसता मेसेज पाठवला तरी चालतो. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत मनोविकार वगळलेले असतात, तेही निवड करताना पाहून घ्या.

आई-वडिलांना धक्का बसतो तो आणखी एका गोष्टीने. इथून फोन करून "आमचा मुलगा तुमच्याकडे दाखल आहे, त्याचं कसं आहे?" असं विचारलं तर रुग्णालय सहसा काही सांगत नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणालाही द्यायची नाही, आई-बापांनाही नाही. आपल्याला हे निष्ठुर वाटतं. तिथला तो कायदा आहे. उपाय सोपा आहे. गेल्यावर पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या दवाखान्यात एक संमतिपत्र भरून ठेवायचं, कुणाला माहिती द्यायची त्यांची नावं आणि फोन नंबर लिहून. शिवाय तिथल्या एका मित्राचा नंबर घरी आणि घरचा नंबर त्या मित्राकडे.

आणि एक कलम, ज्यावर बोट ठेवलं की लोक "तौबा तौबा" म्हणतात किंवा "शुभ बोला" म्हणतात. मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. जे-१ च्या नियमांत त्यासाठी किमान २५ हजार डॉलर लिहिलेले आहेत, यावरून तो खर्च केवढा असतो ते कळावं. ज्या मुलांकडे हे कलम नसतं त्यांच्यासाठी मग परदेशातले आपले लोक वर्गणी गोळा करतात, आणि इथं आई-बाप दिवस मोजत बसतात. कचेरीत असे दोन क्लेम माझ्या टेबलावरून गेले. दोन्हींत कलम होतं, म्हणून त्या घरांना निदान पैशासाठी कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

शेवटी तारखांविषयी. विद्यापीठाचा विमा बहुधा ऑगस्टमधल्या एका ठरावीक तारखेला सुरू होतो. मुलं खोली मिळवायला दहा-पंधरा दिवस आधी पोचतात. त्या दिवसांसाठी इथून छोटा प्रवास विमा घ्यावा, तो फार महाग नसतो. तशीच फट शिक्षण संपल्यावर पडते. पदवी मिळाली की विद्यापीठाचं संरक्षण त्या वर्षाच्या मुदतीबरोबर संपतं. पुढे कामाच्या अनुभवासाठी बारा महिने राहायची परवानगी मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी चोवीस. पण नोकरी मिळून तिचा विमा लागू होईपर्यंत मधले काही महिने मूल उघड्यावर असतं. आधीचा विमा संपल्यापासून साठ दिवसांच्या आत तिथल्या सरकारने चालवलेल्या विम्याच्या बाजारातून स्वतःची पॉलिसी घेता येते. साठ दिवस उलटले तर वर्षअखेरच्या खुल्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. माझ्या भाचीचा विमा जुलैअखेर संपत होता आणि नोकरी ऑक्टोबरात सुरू व्हायची होती. जूनमध्येच तिनं फोन केला. "मामू, दोन महिन्यांची पॉलिसी घेतली. डिडक्टिबल जरा जास्त आहे, पण वर्षाची मर्यादा माझ्यावर आहे, कंपनीवर नाही." मी तिला कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवायला सांगितलं.